सतराव्या होलचं वळण

सतरावं होल. १९१३ची यूएस ओपन गोल्फ स्पर्धा, अमेरिकेतल्या ब्रुकलाइनमधला प्लेऑफ, म्हणजे बरोबरी सोडवायची जादा फेरी. हौशी अमेरिकन खेळाडू फ्रान्सिस विमेट फक्त एका फटक्याने पुढे.

प्रतिस्पर्धी हॅरी वार्डनने डावीकडचं वळण कापायला बघितलं आणि चेंडू कोपऱ्यावरच्या बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात गेला. तिथून थेट ग्रीन (होलभोवतीची हिरवळ) गाठणं अशक्य. पाच फटके लागले. विमेटने चेंडू फेअरवेवर, म्हणजे मधल्या कापलेल्या गवतावर ठेवला, तीन फटक्यांत होल संपवलं. शेवटी एकूण फटके ७२ विरुद्ध ७७, विमेट जिंकला! त्याचं वय २०, त्याची बॅग वाहणारा कॅडी एडी लावरी १० वर्षांचा. आणि विमेटचं घर? याच होलसमोर, रस्त्यापलीकडे.

आज दिवसभर डोक्यात घोळतंय ते मात्र पुढचं. खेळसाहित्याच्या धंद्यात आहे म्हणून १९१६मध्ये अमेरिकन गोल्फ संघटनेने त्याचा हौशी दर्जाच काढून घेतला. परत मिळाला १९१८मध्ये.

खेळून एक डॉलरही न कमावणारा माणूस दुकानामुळे व्यावसायिक कसा ठरतो?