अंघोळीची खेळणी घरीच करताना

अंघोळीच्या वेळी दाबली की पाणी उडवणारी रबरी बदके मुंबईच्या दमट हवेत आतून कधी वाळतच नाहीत. आमच्याकडच्या बदकातून पाण्याबरोबर काळे कण बाहेर पडू लागले, तेव्हा ती सगळी टाकून दिली. स्वित्झर्लंड आणि अमेरिकेतील संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात, घरांतून वापरल्या गेलेल्या अशा खेळण्यांपैकी निम्म्याहून अधिक खेळण्यांत बुरशी आढळली होती. तेव्हा नवी खेळणी घरीच करायची आणि ज्यात शिरलेले पाणी पूर्ण निघून जात नाही अशी एकही वस्तू ठेवायची नाही, असे मी ठरवले.

पहिली सूचना सासूबाईंची, करवंटीची. नारळ फोडल्यावर एका भकलात तीन डोळे येतात आणि दुसरे भकल अखंड राहते. अखंड भकलाची होडी झाली. डोळ्यांपैकी जो मऊ असतो तो सळईने आरपार मोकळा केला, तेव्हा दुसऱ्या भकलाचे धार धरणारे गाळणे तयार झाले. करवंटीच्या कडा आणि शेंड्या पॉलिश पेपरने घासण्याचे काम साडेचार वर्षांच्या थोरलीने इतक्या मनापासून केले, की घरभर तपकिरी भुगा झाला. मी मात्र कडेवरून स्वतःचे बोट फिरवून खात्री केल्याशिवाय करवंटी पाण्यात जाऊ दिली नाही.

सर्वांत जास्त खेळले गेले ते बाटलीचे कारंजे. अर्ध्या लिटरच्या रिकाम्या बाटलीच्या तळाला तापवलेल्या सुईने बारीक भोके पाडली (हे काम अर्थातच मुले झोपल्यावर, खिडकी उघडी ठेवून केले). बाटली पाण्यात बुडवून भरायची आणि झाकण घट्ट लावून वर उचलायची: वरून हवा आत येऊ शकत नाही आणि खालून हवेचा दाब पाण्याला धरून ठेवतो, त्यामुळे पाणी गळत नाही, झाकण सैल केले की धारा सुरू होतात. थोरलीला यामागचे कारण सांगण्याचा प्रयत्न मी केला, पण तिला ती स्वतःची जादू वाटते आणि तूर्त तसेच असू द्यावे, असे माझे मत आहे.

झाकण नेहमी मीच हाताळते, कारण दोन वर्षांचा धाकटा हाताला लागेल ते तोंडात घालतो. तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांचा कोणताही सुटा भाग ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या ठरावीक नळकांड्यात पूर्ण मावता कामा नये, असा खेळण्यांच्या मानकांतला निकष आहे, आणि बाटलीचे झाकण त्यात सहज मावते. म्हणूनच स्टेशनरीच्या दुकानातून आणलेल्या फोमच्या शीटचे मासे आणि लोकलचे डबे मी तळहाताएवढे कापले. ओला फोम टाइल्सवर आपोआप चिकटतो, त्यामुळे भिंतीवर गाडी जोडत जाण्याचा खेळ गोंदाशिवाय होतो. धाकट्याने फोमला चावे घेतले, तेव्हा त्याच्यापुरता तो खेळ बंद केला. स्पंजच्या होड्यांच्या वाटेला मी गेलेच नाही. पावसाळ्यात स्पंज वाळवणार कुठे?

आमच्याकडे नळाला ठरावीक वेळीच पाणी येते, त्यामुळे टब भरून खेळण्याची चैन परवडत नाही. पसरट टबात चार बोटे पाणी घेते, तेवढ्यावर भागते आणि नंतर त्याच पाण्याने मोरी धुऊन निघते. मात्र एवढ्याशा पाण्यातही लहान मूल बुडू शकते, म्हणून दाराची बेल वाजली तरी मी उठत नाही.

अंघोळ उरकली की करवंट्या पालथ्या घालून आणि बाटल्या झाकण काढून, तळ खाली करून, खिडकीच्या ग्रिलला लावलेल्या जाळीच्या पिशवीत ठेवते. जुलै-ऑगस्टमध्ये तेवढे पुरत नाही, तेव्हा त्या रात्रभर पंख्याखाली असतात. बाटलीला चीर गेली की ती भंगारात जाते. करवंटीला वास येऊ लागला की ती कुंडीच्या तळाशी जाते आणि पुढचा नारळ फुटेपर्यंत होडीवाचून भागवावे लागते.