टॅबवर पायथन

"टॅबवर पायथन चालत नसतंय, लॅपटॉप घ्या," असं पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकणाऱ्या एका मुलीला माझ्याकडे येण्याआधी दोन दुकानांत सांगून झालं होतं. त्यातल्या एकानं तर टॅब फॅक्टरी रिसेट मारून हातात दिला. एक प्रोग्राम चालत नाही म्हणून आख्खा टॅब पुसायचा, ही आमच्या धंद्यातली सगळ्यात वाईट खोड आहे. गिऱ्हाईक काय विचारतंय ते पुरतं ऐकायच्या आत हात रिसेटकडे जातो. त्यात तिचे केलेले सगळे प्रोग्राम गेले.

माझं कोल्हापुरात राजारामपुरीत मोबाइल आणि टॅब दुरुस्तीचं दुकान आहे. दिवसभर फुटलेले डिस्प्ले, ढिले चार्जिंग पोर्ट, फुगलेल्या बॅटऱ्या आणि विसरलेले पॅटर्न. टर्मक्स, म्हणजे अँड्रॉइडवर लिनक्ससारख्या कमांड टाइप करायचं अॅप, उघडून बसायची वेळ क्वचित येते, पण आली की मी बाकीचं काम बाजूला ठेवतो.

मुलगी डिप्लोमाला. गाव भोगावतीच्या पुढं, राधानगरी रस्त्याला. वडील सोबत आलेले. "दादा, चालंल का ओ ह्याच्यावर? लॅपटॉप आत्ता न्हाई जमायचा," एवढंच ते बोलले. म्हटलं, "बसा मामा, बघूया."

टॅब कुठल्याशा योजनेतून मिळालेला. २ जीबी रॅम, अँड्रॉइड ११. रिसेटनंतर तिनं टर्मक्स परत घातलं होतं, पायथनही घातलं होतं, आणि ते सुरू होत होतं. म्हणजे 'चालत नाही' ही तक्रारच दुकानदारांनी नीट ऐकलेली नव्हती. तिची अडचण पुढची होती. जर्नलमध्ये पहिलाच प्रयोग व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटचा, म्हणजे एका कामापुरतं पायथन आणि त्याची पॅकेजं ठेवायच्या वेगळ्या फोल्डरचा, आणि तो केला की स्क्रीनवर 'परमिशन डिनाइड'.

मी तिला म्हटलं, पुन्हा कर, मी नुसतं बघतो. तिनं आधी डाउनलोड फोल्डरमध्ये जाऊन तिथं एन्व्हायर्नमेंट बनवायला घेतलं. डाउनलोडमध्येच का? तर तिथल्या फाइल्स टॅबच्या फाइल मॅनेजरमध्ये दिसतात आणि सरांना व्हॉट्सअॅपवर पाठवता येतात. अगदी रास्त कारण. पण खोट नेमकी तिथंच होती.

अँड्रॉइडमध्ये डाउनलोड, डॉक्युमेंट्स, फोटो हा भाग सगळ्या अॅप्सचा सामायिक. तिथं फाइल ठेवता येते, वाचता येते, पण थेट चालवता येत नाही, आणि सिमलिंक, म्हणजे दुसरीकडच्या फाइलकडे बोट दाखवणारा दुवाही, बनत नाही. टर्मक्सचं स्वतःचं होम फोल्डर वेगळं, अॅपच्या खासगी जागेत, आणि तिथं हे दोन्ही जमतं. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट बनताना पायथनच्या मूळ फाइलकडे सिमलिंक टाकायला बघतं. ते जमलं नाही की फाइलची नक्कल करतं, आणि लगेच त्या नकलेकडून पिप, म्हणजे पायथनची पॅकेजं उतरवून घालणारा प्रोग्राम, बसवायला जातं. नक्कल डाउनलोडमध्ये, त्यामुळं ती चालत नाही. फोल्डर तयार झालेला दिसतो, आत बिन या फोल्डरमध्ये पायथन दिसतं, आणि चालवायला गेलं की नकार. तिनं सीएचमॉड या कमांडनं फाइल चालवायचा (एक्झिक्यूट) हक्कही देऊन बघितला होता. कमांड काही तक्रार न करता परत आली, पण फाइलींची यादी दाखवणारी एलएस लावून बघितलं तर त्या हक्काचा एक्स कुठंच उमटलेला नव्हता. अशा जागी अनुभवी माणूसही चकतो.

होममध्ये जाऊन तीच कमांड दिली, एन्व्हायर्नमेंट तयार झालं. तिचे प्रोग्राम मात्र मी डाउनलोडमध्येच ठेवायला सांगितले. पायथन होममधून सुरू होतं आणि डाउनलोडमधली फाइल फक्त वाचतं, त्याला आडकाठी नाही. यावर तिनं विचारलं, "म्हणजे दादा, चालतं ते पायथन, माझी फाइल नाही?" इंटरप्रिटर, म्हणजे फाइल वाचून तसं काम करणारा प्रोग्राम, म्हणजे काय ते तिला तिथं कळलं. मला फार बरं वाटलं.

पुढं नमपाय, पायथनचं आकडेमोडीचं पॅकेज. ते पिपनं घालायला गेली की टॅब तापायचा, बराच वेळ अक्षरं पळायची आणि शेवटी सगळं बंद पडायचं. याचं कारण वेगळं. लिनक्ससाठीची नमपायची तयार पॅकेजं मुख्यतः जीलिबसी या लायब्ररीवर, म्हणजे सगळ्या प्रोग्रामांना लागणाऱ्या मूळ कोडच्या संचावर, बांधलेली असतात. अँड्रॉइडची लायब्ररी बायोनिक. तयार पॅकेज जुळत नाही म्हणून पिप मूळ सोर्स कोड उतरवून त्यातून टॅबवरच पॅकेज बनवायला, म्हणजे कंपाइल करायला, बसतं, आणि २ जीबी रॅममध्ये ते काम मध्येच मरतं. त्यात प्रोसेसर ६४ बिटचा असला तरी वर अँड्रॉइड ३२ बिटचं बसवलेलं, म्हणजे तयार पॅकेज जुळायची शक्यता आणखीच कमी. स्वस्त टॅबमध्ये हे सर्रास आढळतं. टर्मक्सवाल्यांनी नमपाय स्वतः कंपाइल करून आपल्या पॅकेजांत ठेवलंय. ते पिपऐवजी पीकेजी या टर्मक्सच्याच कमांडनं घेतलं, एन्व्हायर्नमेंट बाहेरची पॅकेजं दिसतील अशा बेतानं नव्यानं बनवलं, आणि नमपाय एका झटक्यात इम्पोर्ट झालं.

प्रोग्राम परत टाइप करताना तिनं वही काढली. रिसेटमध्ये गेलेलं सगळं त्या वहीत हातानं लिहिलेलं होतं. पायथनमध्ये ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा चुकली की प्रोग्राम अडतो, म्हणून तिनं प्रत्येक मोकळ्या जागेसाठी पेन्सिलीनं बारीक ठिपका दिला होता. फंक्शनच्या आत चार ठिपके, त्यातल्या लूपच्या आत आठ. या मुलीला 'टॅबवर होत नसतंय' म्हणून परत पाठवणाऱ्यांचा मला अजून राग येतो. टॅब वाटणाऱ्यांनीही मुलांना अडलं तर विचारायला एक माणूस नेमायला हवा होता. रंकाळा स्टँडवरून गाडी पकडायची म्हणून वडील उठले, तोवर पहिले दोन प्रयोग चालून झाले होते.

माझ्या डोक्यातून मात्र केस गेलेली नाही. टर्मक्समध्ये पॅकेजं सारखी पुढं सरकत असतात. अपग्रेड केलं आणि पायथनचीच मोठी आवृत्ती बदलली, तर जुनं एन्व्हायर्नमेंट मोडतं. अपग्रेड न करता एखादंच नवं पॅकेज घातलं, तर ते जुन्या लायब्ररींशी जुळेलच असं नाही. म्हणून मी तिला सांगितलं होतं, प्रॅक्टिकल होईपर्यंत कशाला हात लावू नको. वहीच्या शेवटच्या पानावर एन्व्हायर्नमेंट पुसून परत बनवायच्या कमांडही लिहून दिल्या.

आता तिचा फोन आलाय. परीक्षेआधी मॅटप्लॉटलिबचा, म्हणजे आलेख काढायच्या पॅकेजचा, प्रयोग करायचाय. ते पीकेजीत मिळतं, पण त्याला आधी पूर्ण अपग्रेड करणंच बरं, आणि चालू असलेला टॅब परीक्षेच्या तोंडावर अपग्रेड करायला माझं मन धजत नाही. तिला म्हटलंय, घरी काही करू नको, प्रोग्रामांची प्रत स्वतःलाच व्हॉट्सअॅप करून ठेव आणि टॅब घेऊन ये. अपग्रेड इथं, माझ्यासमोर करू.