दोन उड्यांच्या मधलं बसणं

जागतिक अ‍ॅथलेटिक्स स्पर्धा टीव्हीवर लागली की महिलांची उंच उडी सलग बघायला मिळेल, ही आशा मी सोडून दिली आहे. एक उडी दाखवतात, मग चारशे मीटरची शर्यत, मग भालाफेक, मग जाहिराती. पुन्हा इकडे वळेपर्यंत दांडी वर गेलेली असते आणि दोघीतिघी बाद झालेल्या असतात. दाखवणाऱ्यांचाही तसा दोष नाही म्हणा. तास-दीड तास चालणाऱ्या या प्रकारात एकेक जण प्रत्यक्ष उडी मारते ती किती वेळ? थोडी वळणदार धाव, एक झेप, गादीवर पाठ. झालं! बाकी सगळं बसणं.

आणि मला नेमकं ते बसणंच बघायचं असतं.

युक्रेनची यारोस्लावा माहुचिख मैदानात चक्क स्लीपिंग बॅग घेऊन येते. उडी झाली की त्यात शिरून आडवी होते. स्टेडियम दुमदुमतंय, शेजारच्या ट्रॅकवरून धावपटू सुसाट निघालेत, आणि बाईसाहेब आकाशाकडे बघत पडलेल्या! पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, हिला काही दुखलंखुपलं की काय. ऑस्ट्रेलियाची निकोला ओलिस्लागर्स अगदी उलट. ती परत येते आणि वही उघडते. उडी कशी झाली ते खाली मान घालून लिहिते, वर स्वतःला दहापैकी गुणही देते. बाकीच्या कुणी फेऱ्या मारतात, कुणी प्रशिक्षकाकडे धावतात, कुणी डोळे मिटून हातवारे करत अख्खी उडी हवेत मारून घेतात. तोंडी परीक्षेच्या खोलीबाहेर असाच नमुन्यांचा बाजार भरतो.

हे बसणं सोपं नाही. अंग गार पडलं तर पाय उचलत नाही, आणि डोकं तापलं तर धावेचं वळण बिघडतं. त्यात ‘पास’ नावाची एक सोय आहे. हवी ती उंची सोडून द्यायची आणि पुढच्या उंचीला उतरायचं. ताकद वाचते, पण बसणं आणखी लांबतं. सलग तीनदा चुकलं की खेळ खलास, मग त्या तीन चुका एकाच उंचीवरच्या असोत की पास घेत दोन उंचींवर विभागलेल्या. शेवटी दोघी-तिघीच उरतात तेव्हा सगळं उलटं होतं. मघापर्यंत वेळ जाता जात नव्हता, आता श्वास घ्यायला पुरत नाही. नियमही हे ओळखून आहे. आधी उडीसाठी एक मिनिट असतं, तेव्हा दीड होतं, आणि एकटी उरली तर तीन.

बसल्याबसल्या हिशेबही चालू असतो, कारण बरोबरी झाली की त्या उंचीला कुणाला किती प्रयत्न लागले ते बघतात. 2008च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये क्रोएशियाची ब्लांका व्लाशिच आणि बेल्जियमची टिया हेल्बो, दोघींनी 2.05 मीटर पार केले. हेल्बोने पहिल्या प्रयत्नात, व्लाशिचने दुसऱ्या. सुवर्ण हेल्बोला. व्लाशिच त्या आधी सलग चौतीस स्पर्धा जिंकून आलेली! उंची सारखीच, आणि तरी रुपेरी पदक. मला हा नियम पटतो, पण त्या दिवशी पटला नव्हता.

सगळ्यात लांबलेली वाट मात्र एका आकड्याने पाहिली. बल्गेरियाच्या स्तेफ्का कोस्तादिनोव्हाने 1987 साली रोमच्या जागतिक स्पर्धेत 2.09 मीटर उडी मारून विश्वविक्रम केला. त्यानंतर सदतीस वर्षांत किती जणी आल्या आणि गेल्या. जुलै 2024मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये माहुचिखने 2.10 पार केले. फरक एका सेंटिमीटरचा, बोटाच्या रुंदीएवढासुद्धा नाही.

त्यानंतर महिन्याभरातच ऑलिम्पिकचं सुवर्णही तिनेच नेलं. ओलिस्लागर्सनेही तेवढेच 2.00 मीटर पार केले होते, पण हिशेबात मागे पडली. पुढच्या वर्षी टोकियोच्या जागतिक स्पर्धेत मात्र ओलिस्लागर्स पहिली आली आणि माहुचिखला कांस्यावर समाधान मानावं लागलं. म्हणजे बॅग बरी की वही, याचा निकाल अजून लागायचाच आहे. माझा कल वहीकडे. माझ्यासारखीला बॅगेत खरोखरच झोप लागेल, आणि नाव पुकारून मिनिट संपलं तरी कुणीतरी हलवून उठवावं लागेल.