जिवंत होत्या, पण सरकल्या नाहीत

"ताई, लवकर ये. ही फट आहे तशीच आहे गं!" मायक्रोस्कोपवरून डोळे न काढताच ज्युनिअर ओरडली. सकाळी आमची खारघरची लॅब नुकतीच उघडली होती.

जठराच्या कॅन्सरच्या पेशी प्लेटच्या तळाला दाट पसरल्या की पिपेटच्या टिपने मधोमध रेघ ओढायची. कडेच्या पेशी सरकत येऊन ती फट बुजवतात. शरीरात कॅन्सर पसरतो त्यामागेही त्यांची हीच सरकण्याची खोड असते. प्लेटच्या काही वेल्समध्ये, म्हणजे खळग्यांमध्ये, आम्ही मायक्रोआरएनए-२१८ची कृत्रिम प्रत सोडली होती, बाकीच्यांत, तुलनेसाठी (कंट्रोल म्हणून), निरर्थक क्रमाचा आरएनए.

मायक्रोआरएनए हा जेमतेम २२ न्यूक्लिओटाइडचा, म्हणजे २२ रासायनिक अक्षरांचा, आरएनएचा तुकडा. स्वतः प्रथिन बनवत नाही. दुसऱ्या आरएनएला चिकटून त्याचं प्रथिन बनणं रोखतो. १९९३मध्ये तो मिलिमीटरभर लांबीच्या कृमीत सापडला आणि २०२४मध्ये अँब्रोस आणि रुव्हकुन यांना त्यासाठी नोबेल मिळालं. २१८ हा रोबो१ या रिसेप्टरला (पेशीच्या पृष्ठभागावर संकेत टिपणाऱ्या प्रथिनाला) आवरून जठराच्या कॅन्सरचा फैलाव रोखतो, हे २०१०पासून माहीत आहे. पण वाचणं वेगळं आणि समोर दिसणं वेगळं.

कंट्रोलमध्ये २४ तासांत दोन्ही काठ भिडले होते. २१८च्या वेल्समध्ये फट लख्ख दिसत होती. पेशी मेल्या तर नाहीत ना, म्हणून मेलेल्या पेशींना निळं करणारा ट्रिपॅन ब्लू हा रंग टाकून पाहिलं. निळ्या पेशी तुरळकच. जिवंत होत्या, घट्ट चिकटलेल्या होत्या, फक्त पाय पसरत नव्हत्या. माझे हात थरथरत होते.

मॅडमनी फोटो पाहिले. "छान. आता रोबो१चं प्रोटीन कमी झालेलं दाखव."

दुपारी चहाच्या टपरीवर एका पेशंटचे भाऊ भेटले. लॅबमध्ये काम करते म्हटल्यावर त्यांनी विचारलं, "यातलं औषध कधी मिळेल?" खोटी आशा दाखवणं मला पटत नाही. रक्तात असा आरएनए लगेच तुटतो, गाठीपर्यंत पोचवणं अवघड. मायक्रोआरएनए-३४ची माणसांवरची चाचणी तर गंभीर दुष्परिणामांमुळे २०१६मध्ये थांबवावी लागली. एवढं सगळं त्यांना कशाला ऐकवू? "अजून वेळ आहे, काका. चालू असलेली केमो मात्र चुकवू नका," एवढंच म्हणाले.

ब्लॉटमध्ये, म्हणजे प्रथिनं पट्ट्यांच्या रूपात दाखवणाऱ्या चाचणीत, २१८च्या पेशींत रोबो१ची पट्टी फिकी आली; तुलनेसाठी पाहिलेल्या ॲक्टिन या प्रथिनाची सगळीकडे सारखी. आता २१८सोबत रोबो१ बाहेरून भरायचा. पेशी पुन्हा सरकायला लागल्या, तरच हे रोबो१ कमी झाल्यामुळे घडलं, असं मॅडम मानतील.