सुया

रविवार, रात्री

आज ख्रिस्तराजाचा सण. मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, मत्तयच्या शुभवर्तमानाचा पंचविसावा अध्याय वाचला, शेवटच्या न्यायाचा: उजवीकडे मेंढरं, म्हणजे गरजूंना मदत केलेले, डावीकडे शेरडं, म्हणजे न केलेले. इतक्यांदा ऐकलाय की पुढचं वाक्य आधीच ओठांवर येतं. येशू म्हणतो, मी भुकेला होतो, परका होतो, उघडा होतो, तुरुंगात होतो... पण आज कान भलत्याच जागी अडकला. डावीकडचे विचारतात, प्रभू, आम्ही तुला असं कधी पाहिलं? ते ठीक. पण उजवीकडचेही अगदी तेच विचारतात! ज्यांनी खाऊ घातलं, त्यांनाही तो ओळखू आला नव्हता.

आणि मी? इतकी वर्षं भेटीला जाताना जिना चढता चढता स्वतःला बजावते, आता समोर येशू असणार आहे, नीट बघ.

मिस्सानंतर आम्ही दोघी आजींकडे गेलो. जोडीनेच जायचं, हा गरिबांच्या घरी भेटीला जाणाऱ्या आमच्या संत विन्सेंट दी पॉल सोसायटीचा जुना रिवाज. १८३३ मध्ये पॅरिसमध्ये ती सुरू झाली तेव्हा तिच्या संस्थापकांपैकी फ्रेडरिक ओझानाम अवघा वीस वर्षांचा होता. वादसभेत कुणीतरी टोमणा मारला, की तुमच्या धर्माने पूर्वी मोठी कामं केली असतील, पण तुम्ही आज काय करताय? त्याला आणि त्याच्या मित्रांना ते लागलं. गरिबाच्या दाराशी कसं जायचं हे त्यांना रोझाली रँडू या सिस्टरने शिकवलं. ते शिकावं लागतं, हे मला फार उशिरा कळलं. आधी वाटायचं, पिशवी भरली की झालं.

आज पिशवी घेतली, आजींनी ती बाजूला ठेवली आणि उघडूनही पाहिली नाही. म्हणाल्या, “पोरी, दृष्टी चांगली आहे का तुझी? सुया ओवून दे.”

एक नाही, सात. मळकट फडक्यात ओळीने टोचलेल्या. शेजारच्या पोरांच्या शर्टांची बटणं त्या लावून देतात, उसवलेले खिसे शिवतात, पैसे घेत नाहीत. दिसत नाही म्हणून काम तुंबलं होतं. सात सुया ओवलेल्या असल्या की आठवडा निघतो म्हणे. आणि मी नेमका चष्मा घरी विसरलेली! दोरा थुंकीने ओला करायचा, टोक चिमटायचं, सुई खिडकीकडे धरायची, आणि तो शहाणा नेडं सोडून शेजारून जायचा. तिसऱ्या सुईला आजी हसायला लागल्या. दात नसलेलं, खांदे हलवणारं हसू. पाचवीला मीही. त्या सगळ्या वेळात येशू वगैरे काही डोक्यात नव्हतं. दोरा होता, आणि आजी.

इतके महिने जातेय, पण त्यांच्या डाव्या अंगठ्यावर सुईने टोचून टोचून झालेला घट्टा आज पहिल्यांदा पाहिला. म्हणजे आधी मी त्यांच्या आरपार बघत होते की काय, मागे दुसरं कुणी दिसतंय का म्हणून? हे लिहिताना जरा ओशाळल्यासारखं होतंय.

संध्याकाळची आराधना हुकली. संत विन्सेंट आपल्या सिस्टरांना सांगत, प्रार्थनेच्या वेळी गरिबाची हाक आली तर उठून जा, ते देवासाठी देवाला सोडणं आहे. मला हे वाक्य फार सोयीचं पडतं. कंटाळा आला तरी मी तेच वापरते, हे फादरांना पापनिवेदनात एकदा सांगायला हवं. आज मात्र कंटाळा नव्हता. आज वेळेचं भानच राहिलं नाही.

आता कॉन्फरन्सची, म्हणजे सोसायटीच्या आमच्या स्थानिक गटाची, वही समोर आहे. रकाना आहे, ‘काय दिले’. धान्य, साबण, औषधाचे पैसे लिहिले. सुयांचं काय लिहू? जोडीदारीण फोनवर म्हणाली, राहू दे, खजिनदार विचारत बसेल. आणि आजींनी जे शिवून दिलं त्याला तर रकानाच नाही: निघताना माझ्या बाहीचं लोंबतं बटण त्यांनी, हात धरून, उभ्या उभ्या घट्ट केलं. दोरा पांढरा, सदरा निळा. राहू देणार आहे तसंच.

पुढच्या रविवारी चष्मा न्यायचा. आणि त्यांचं काळ्या दोऱ्याचं रीळ संपत आलंय.