राजहंसगडाखालची वस्ती: डिजिटल आणि फिल्म दोन्ही घेऊन

बेळगावहून वडगाव, येळ्ळूर करत राजहंसगडाला जाणारे बहुतेक जण गाडी थेट वर नेतात, शिवरायांच्या पुतळ्यासमोर फोटो काढतात, तटावरून एक चक्कर मारतात आणि उतरतात. माझं सांगणं आहे की गाडी वस्तीच्या अलीकडे रस्ता सोडून लावा आणि पुढचा चढ पायी चढा. गडाच्या अंगालाच माणसं राहतात. कौलारू घरं, गोठे, सारवलेली अंगणं आणि त्यांच्या डोक्यावर बुरूज, हे सगळं एकाच फ्रेममध्ये मावतं. नुसता तट तुम्हाला इतर किल्ल्यांवरही मिळेल.

शहरापासून अंतर साधारण 15 किलोमीटर. येळ्ळूरपर्यंत बस मिळते, पण पहाटेचा उजेड हवा असेल तर दुचाकीच बरी. थंडीत लवकर निघालात तर येळ्ळूरच्या भातशेतांवर धुकं पसरलेलं दिसतं. तिथं थांबाच. धुक्यात कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर फसतं, पांढऱ्याचं करडं करून टाकतं. डिजिटल असो वा फिल्म, एक स्टॉप जास्त द्या, म्हणजे दुप्पट उजेड.

मी डिजिटलबरोबर एक जुना मॅन्युअल फिल्म कॅमेरा नेतो, त्यात इलफर्डचा एचपी5 प्लस, 400 आयएसओचा कृष्णधवल रोल (आयएसओ म्हणजे उजेडाला फिल्म किती संवेदनशील, त्याचा आकडा). दोन्ही कॅमेऱ्यांनी तेच तेच दृश्य टिपत बसलात तर दोन्हीकडून थकाल. म्हणून आधीच कामं वाटून द्या. ऊन, आभाळ, दूरचा देखावा, पुतळा हे डिजिटलचं. सावली, दारं, माणसं ही फिल्मची. यामागे तांत्रिक कारण आहे. डिजिटलमध्ये उजळ भाग एकदा पूर्ण पांढरा झाला की त्यात काही उरत नाही, त्यामुळे तिथं उजेड सांभाळायचा आणि रॉ, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या, फाइलमधून सावल्या नंतर वर काढायच्या. निगेटिव्ह फिल्मचं उलटं असतं. सावलीला उजेड कमी पडला तर तिथं काहीच नोंदलं जात नाही, पण उजळ भाग ती बरंच सोसते.

हे वस्तीतल्या एका दारापाशी नीट दिसलं. चौकटीवर आंब्याच्या पानांचं वाळलेलं तोरण, उंबऱ्यावर हळदीकुंकू, कडीला अडकवलेली दुधाची किटली. किटलीवर कोवळं ऊन पडलेलं आणि आत पार अंधार, त्या अंधारात चुलीचा धूर. 400 आयएसओला बाहेरचं मीटर एफ 11 ला 1/250 दाखवत होतं, आतलं एफ 2.8 ला 1/30 (एफ म्हणजे लेन्सचं छिद्र, आकडा मोठा तितकं ते लहान; 1/250 म्हणजे सेकंदाचा अडीचशेवा भाग). सात स्टॉपचा फरक! मी एफ 4 ला 1/60 वर ठेवलं, म्हणजे आतल्या मीटरपेक्षा दोन स्टॉप कमी. आतला अंधार अंधारच राहिला, पण धूर आणि भिंतीवरची भांडी उमटली, आणि किटलीची चकाकीही निगेटिव्हवर टिकली. डिजिटलवर याच दाराचा फोटो घेताना मी किटलीवर मीटर केलं असतं.

ओसरीवर मिरच्या निवडत बसलेल्या आज्जींनी विचारलं, ‘काय करायलाय गा?’ सांगितल्यावर म्हणाल्या, ‘माझा नको, दाराचा काढ.’ मी दाराचाच काढला. मग चहा झाला, गप्पा झाल्या, आणि निघताना आपणहून पदर सारखा करून म्हणाल्या, ‘आता काढ.’ वस्ती म्हणजे लोकांचं घर आहे, प्रेक्षणीय स्थळ नव्हे. आधी बोला, कॅमेरा नंतर. मराठीत बोललात तरी चालतं आणि कन्नड येत असेल तर आणखी चांगलं. मुलांचे फोटो घरच्यांना विचारल्याशिवाय नकोत. आणि एखाद्याला प्रिंट देतो म्हणालात तर नक्की द्या.

रोल सावलीत बदला, भर उन्हात नाही. रंगीत हवा असेल तर कोडॅक गोल्ड 200 कौलांच्या लालसर रंगाला छान जमतो, पण दाराआडच्या उजेडात तो अपुरा पडतो. पिवळा फिल्टर जवळ ठेवा. कृष्णधवलात आभाळ जरा गडद होतं आणि ढग उठून दिसतात. त्यासाठी साधारण एक स्टॉप मोजावा लागतो.

उन्हं वर आली की गडावर जा. आत सिद्धेश्वराचं मंदिर आहे. पुतळा 2023 मधला. त्याच्यामागे उघडं आभाळ येतं, त्यामुळे खालून काढताना चेहरा काळा पडतो. चेहऱ्यावर ऊन आहे त्या बाजूने काढा किंवा आकृतीच घ्या. तटावरून उत्तरेला बेळगाव पसरलेलं दिसतं, पश्चिमेला सह्याद्रीच्या रांगा. इथं 85 मिलिमीटरच्या आसपासची लेन्स मला सगळ्यात जास्त उपयोगी पडली. खालच्या कौलांचे थर आणि त्यामागची शेतं तिनं जवळ येतात. वाइड लेन्सने सगळं लहान, दूरचं दिसतं.

पावसाळ्यात इथं हिरवळ अप्रतिम असते, पण वारा आणि दमट हवा दोन्ही त्रास देतात. एसी गाडीतून उतरल्या उतरल्या बॅग उघडू नका, लेन्सवर वाफ धरते. घरी आल्यावर सिलिका जेलच्या डब्यात ठेवा. आपल्याकडच्या दमटपणात बुरशी फार लवकर लागते. पायात पकड असलेले बूट हवेत, ओले दगड निसरडे असतात. पाणी बरोबर घ्या. ड्रोन परवानगीशिवाय नकोच, सांबऱ्याचा विमानतळ आणि लष्कराचा भाग दोन्ही याच परिसरात आहेत.

रोलमध्ये थोड्या फ्रेम उरल्या तर परतताना बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती गाठा. 1204 मधली ही जैन बस्ती, म्हणजे जैन मंदिर, छतावर दगडात कोरलेलं कमळ. आत उजेड कमी, ट्रायपॉड लावायचा तर आधी विचारा. किल्ल्याच्या काही भागात लष्कर आहे, तिथं कॅमेरा बॅगेतच राहू द्या.