सिंकखालची अकरा वर्षं

घरातली पाणीगळती ओळखून पाणी आपोआप बंद करणारी यंत्रणा आम्ही बसवतो. मुलगी म्हणाली, बाबा, आपल्या फर्मबद्दल चार ओळी लिहून द्या. चार ओळींत सोलेनॉइडचं, म्हणजे विजेवर उघडझाप होणाऱ्या व्हॉल्व्हचं, प्रकरण मावत नाही, आणि ते वगळायचं तर मग लिहायचंच कशाला?

वडिलांचं प्लंबिंगचं काम, माझा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा. 2014 साली पुण्यात कर्वेनगरात दहा बाय बाराच्या गाळ्यात सुरुवात केली. वडिलांकडचे जुने प्लंबर, ज्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो, ते भागीदार. तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून सुटे भाग आणून मी पहिला लीक सेन्सर जोडला. तळाला धातूच्या दोन पिना, म्हणजे प्रोब, मध्ये पाणी आलं की करंट वाहतो आणि भोंगा वाजतो. मी खूश. मामांनी तो हातात फिरवला. "घरात कुणी नसेल तर हा कुणाला ऐकू जाणार?" म्हटलं, मोबाईलवर मेसेज जाईल. "मालक अमेरिकेत. तिथून काय पाणी बंद करायचा अँगल कॉक फिरवणार?"

आमचा धंदा खरा तिथे सुरू झाला. ओल ओळखणारे पुष्कळ आहेत, पाणी थांबवता आलं पाहिजे.

प्रोबनेही छळलंच. सतत डीसी, म्हणजे एकाच दिशेचा करंट, दिला की ते महिन्या-दोन महिन्यांत खाल्ले जातात, म्हणून काही सेकंदांनी करंटचा एक छोटा झटका द्यायचा, बॅटरीही टिकते. बोअरच्या पाण्यावर बोंबलणारा सेन्सर आरओच्या पाण्यात मात्र गप्प बसला, कारण त्यात क्षारच कमी. आणि सिंकखाली रात्री सुटते ती नेमकी आरओची पाव इंची नळी! मग संवेदनशीलता वाढवली, तर फरशी पुसायला येणाऱ्या ताईंनी ओला पोछा फिरवला की सायरन. मधला काटा सापडायला एक पावसाळा गेला.

आता ते प्रकरण. बाणेरची अकरा मजली सोसायटी, आमचं पहिलं मोठं काम. स्वस्त पडतात म्हणून मी सोलेनॉइड व्हॉल्व्ह घेतले. मामा नको म्हणत होते, हे इथे मान्य करतो. पायलट पद्धतीच्या सोलेनॉइडला उघडताना आतला पडदा उचलायला पाण्याचाच दाब लागतो, आमच्याकडच्यांना साधारण अर्धा बार (बार हे दाबाचं माप). दहा मीटर उंचीला एक बार धरा. खालच्या मजल्यांवर सगळं झकास. पण वरच्या दोन मजल्यांना टाकीपासून पाच मीटरही उंची मिळत नव्हती, तिथे शॉवरची धार करंगळीएवढी. दुसरी चूक त्याहून मोठी. परदेशी कॅटलॉग बघून फ्लॅटमागे एकच व्हॉल्व्ह धरून कोटेशन दिलं होतं. आपल्याकडे गच्चीवरच्या टाकीतून दोन बाथरूमच्या दोन लाइन वेगवेगळ्या डक्टमधून उतरतात, किचनची तिसरी. प्लंबरचा मुलगा असून मी हे विसरलो.

याच वेळी आमच्याकडेच काम शिकलेल्या एकाने (नाव घेत नाही) सोसायटीला निम्म्या दरात कोटेशन दिलं. व्हॉल्व्ह फक्त किचनला, बाथरूममध्ये नुसते वायफायचे सेन्सर. लाइट गेली की राउटर बंद, म्हणजे मेसेजही बंद. मीटिंगमध्ये मी हे सांगायला उभा राहिलो तर सेक्रेटरी म्हणाले, "तुम्ही बसा. आधी आमचा शॉवर चालू करा." काम त्याला गेलं. मी एफडी मोडून चाळीस सोलेनॉइड परत काढले. मामांनी सहा महिने घरी पैसे नेले नाहीत.

त्या दिवसांत एकच काम आलं, कर्वेनगरच्या काकूंचं. मुलगा जर्मनीत, वॉशिंग मशीनची नळी एकदा फुटून खालच्यांचं छत खराब झालेलं, त्यामुळे बोलणी बंद. त्यांनी पूर्ण रक्कम आगाऊ दिली, वर पक्की पावती मागून घेतली. त्यांच्याकडे आम्ही पहिल्यांदा मोटरचे बॉल व्हॉल्व्ह बसवले, तीन लाइनला तीन. याला दाबाची गरज नाही, करंट फक्त फिरताना लागतो, आणि अडलं तर हाताने फिरवायला वर नॉब. सेन्सर आणि व्हॉल्व्ह जोडणारा हब इन्व्हर्टरवर, म्हणजे लाइट गेली तरी चालू. आजही आमची पद्धत तीच.

नंतरची वर्षं बरी गेली.

विषय निघालाच आहे तर सांगतो. महिन्यातून एकदा ओला नॅपकिन सेन्सरखाली ठेवून बघा. व्हॉल्व्ह उघडझाप करा, नाहीतर क्षार धरून जाम होतो आणि ऐन वेळी मोटर नुसती कण्हते. गावाला जाताना वॉशिंग मशीनचा कॉक हाताने बंद करा, घरात कितीही सेन्सर असोत. काकू दर एक तारखेला हे करतात आणि मला फोनवर सायरन ऐकवतात.

गेल्या दिवाळीत बाणेरच्या त्याच सोसायटीतून फोन आला. दहाव्या मजल्यावर बाथरूमची नळी फुटून पाणी लिफ्टच्या डक्टपर्यंत गेलं होतं. सेन्सरने मेसेज पाठवला होता, मालक विमानात होते. मामा आणि मी गेलो, लाइन बंद केली. सेक्रेटरी तेच. चहा विचारला, घेतला. व्हिजिटिंग चार्जही पूर्ण घेतला. त्यांनी पावती मागितली नव्हती, तरी दिली.